कार्डावर 'ओ', डीएनएमध्ये 'बी': बॉम्बे रक्तगट आपल्याला काय शिकवतो?

(पॉडकास्टच्या या भागाचं शब्दांकन. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे, बाकी बोलणं जवळपास तसंच ठेवलं आहे.)

आजचा विषय डीएनए आणि आरएनए. नाव ऐकून कान मिटू नका. दहावीच्या विज्ञानात प्रतिलेखन, भाषांतरण, स्थानांतरण असे शब्द आपण पाठ केले, पेपरात लिहिले आणि निकालाच्या दिवशी विसरलो. आज तेच शब्द एका खऱ्या गोष्टीतून समजून घेऊ. गोष्ट मुंबईत सापडली, तिचं नावही मुंबईचं आहे, पण ती आपल्या घरापर्यंत येऊ शकते.

आधी हे सांगतो की विषय का घेतला. महामार्ग, कशेडी, आंबेनळी, वरंधा, सगळे घाट आपल्या अंगणात. अपघाताची बातमी आली की व्हॉट्सॲपवर पहिला मेसेज फिरतो तो रक्ताचा: अमुक गट हवा, तातडीने संपर्क करा. अशा वेळी ज्याच्या कार्डावर 'ओ' लिहिलेलं असतं, त्याच्याबद्दल आपण निर्धास्त असतो. ओ म्हणजे साधा गट, मिळून जाईल. पण दर काही हजार माणसांमागे एक माणूस असा असतो की त्याच्या कार्डावर 'ओ' असतं आणि ओ गटाचंच रक्त त्याच्या जिवावर बेतू शकतं. हा बॉम्बे रक्तगट.

१९५२, मुंबई

डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना मुंबईत अशी माणसं सापडली की ज्यांचं रक्त कुठल्याच नेहमीच्या गटाशी जुळत नव्हतं. ए नाही, बी नाही, एबी नाही, हे एक वेळ ठीक. पण ओसुद्धा नाही! ओ गटाच्या लाल पेशी त्यांच्या रक्तद्रवात टाकल्या की गुठळ्या होत. १९५२ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हा शोध छापून आला. लेखकांमध्ये डॉ. भेंडे यांच्यासोबत डॉ. देशपांडे, डॉ. भाटिया आणि इंग्लंडमधले रक्तगटांचे नावाजलेले अभ्यासक होते.

साल लक्षात ठेवा. डीएनएची दुहेरी सर्पिल रचना वॉटसन आणि क्रिक यांनी मांडली १९५३ मध्ये. म्हणजे आपल्या डॉक्टरांनी कोडं आधी शोधलं, त्याचं उत्तर ज्या भाषेत लिहिलेलं होतं ती भाषा वाचायला जगाला पुढची काही दशकं लागली. ती भाषाच आज आपण वाचू.

मूळ दप्तर आणि नक्कल

तहसील कचेरीतली रेकॉर्ड रूम डोळ्यांसमोर आणा. जुनी दप्तरं, कपाटं. मूळ रजिस्टर बाहेर नेता येत नाही. तुम्हाला एका गटनंबरचा उतारा हवा असेल तर अर्ज करायचा, तेवढ्याच पानाची नक्कल मिळते, ती घेऊन पुढचं काम करायचं. काम झालं की ती नक्कल कुठेतरी चुरगळून जाते. मूळ रजिस्टर मात्र जागेवर.

पेशीत अगदी हेच चालतं. डीएनए म्हणजे मूळ दप्तर. ते पेशीच्या केंद्रकात, ४६ गुणसूत्रांमध्ये गुंडाळून ठेवलेलं असतं. त्याची लिपी फक्त चार अक्षरांची: ए, टी, जी, सी. म्हणजे ॲडेनिन, थायमिन, ग्वानिन, सायटोसिन. एका संचात अशी सुमारे ३०० कोटी अक्षरं. एक संच आईकडून, एक वडिलांकडून. ए समोर नेहमी टी, जी समोर नेहमी सी, त्यामुळे एक धागा असला की दुसरा लिहिता येतो. पेशी दुभंगताना दप्तराची पूर्ण प्रत अशीच तयार होते.

आरएनए म्हणजे नक्कल. सगळ्या दप्तराची नाही, एका जनुकाची, एका उताऱ्याची. ती एकेरी धाग्याची असते आणि तिच्यात टी ऐवजी यू, म्हणजे युरॅसिल, वापरतात. ही नक्कल उतरवण्याला प्रतिलेखन म्हणायचं. या नकलेला संदेशवाहक आरएनए म्हणतात. ती थोडी काटछाट होऊन केंद्रकाबाहेर येते, काही मिनिटं किंवा काही तास टिकते आणि मोडून जाते. हे चांगलंच आहे. काम संपल्यावर जुन्या नकला पडून राहिल्या तर पेशीत गोंधळ होईल.

आता ती नक्कल वाचायची. वाचणारं यंत्र म्हणजे रायबोसोम. ते तीन-तीन अक्षरांचे गट करून वाचतं. प्रत्येक गटाला एक अमिनो आम्ल ठरलेलं. चार अक्षरांपासून तीन-तीनचे ६४ गट होतात. त्यातले तीन 'इथे थांबा' सांगणारे, बाकीचे ६१ मिळून २० अमिनो आम्लांची नावं सांगतात. दुसरा एक आरएनए, त्याला स्थानांतरण करणारा म्हणू, योग्य ते अमिनो आम्ल उचलून आणतो, रायबोसोम ते माळेत ओवतो. माळ पुरी झाली, घडी पडली की प्रथिन तयार. हे भाषांतरण. ही तीन अक्षरी सांकेतिक भाषा उलगडण्यात हरगोविंद खुराना यांचा मोठा वाटा होता. १९६८ चं नोबेल त्यांना नीरेनबर्ग आणि हॉली यांच्यासोबत मिळालं.

म्हणजे क्रम असा: डीएनएमध्ये माहिती राहते, आरएनए ती पोचवतो, प्रथिन काम करतं. माहिती असणं वेगळं आणि ती प्रत्यक्षात उतरणं वेगळं. आजच्या गोष्टीची सगळी किल्ली या एका वाक्यात आहे.

रक्तगट म्हणजे साखरेची सजावट

आपण म्हणतो 'माझा गट ए आहे'. म्हणजे नेमकं काय? लाल पेशीच्या पृष्ठभागावर साखरेच्या रेणूंच्या छोट्या साखळ्या असतात. टोकाला कुठली साखर लागली आहे त्यावर गट ठरतो.

पण डीएनएमध्ये साखरेची माहिती नसतेच! डीएनए प्रथिनांची माहिती देतो. मग साखर कोण लावतं? विकर, म्हणजे एन्झाइम. ते प्रथिनच असतं. गुणसूत्र क्रमांक ९ वर एबीओ नावाचं जनुक आहे. त्याचा ए प्रकार असेल तर तयार होणारं विकर टोकाला एक साखर लावतं, बी प्रकार असेल तर दुसरी. दोन्ही असतील तर एबी. आणि ओ?

ओची गंमत पाहा. ओ गटाच्या सर्वसाधारण प्रकारात त्या जनुकातलं एकच अक्षर, २६१ वं, गळालेलं असतं. एका अक्षराने काय होतं? तीन-तीन अक्षरांचं हे वाक्य वाचा: कमळ गवत मगर नजर. आता 'व' काढा आणि पुन्हा तीन-तीनचे गट करा: कमळ गतम गरन जर. पुढचं सगळं विस्कटलं. पेशीतही तेच होतं. वाचन सरकतं, लवकरच एक 'थांबा' येतो आणि अर्धवट, निकामी प्रथिन तयार होतं. म्हणून ओ गटाच्या पेशीवर ना ए साखर, ना बी साखर.

पण ओच्या पेशी अगदी उघड्याबोडक्या नसतात. त्यांच्यावर एक पायाची साखळी असते, तिला 'एच' म्हणतात. ए आणि बी साखरा या एचवरच बसतात. घराला रंग द्यायचा तर आधी भिंत पाहिजे, तसं. ए, बी, एबी, ओ, सगळ्यांकडे ही भिंत आहे. ओमध्ये ती बिनरंगाची, एवढंच.

आणि भिंतच नसेल तर?

हाच बॉम्बे रक्तगट. ही भिंत बांधणारं विकर वेगळ्या जनुकाकडून येतं. त्याचं नाव एफयूटी-वन, मुक्काम गुणसूत्र क्रमांक १९. त्यापासून ३६५ अमिनो आम्लांची माळ तयार होते. भारतात बॉम्बे गटाच्या माणसांमध्ये जो बदल प्रामुख्याने सापडतो तो असा: या जनुकातल्या ७२५ व्या अक्षराच्या जागी टी ऐवजी जी. बस्स, एक अक्षर. त्यामुळे माळेतल्या २४२ व्या जागी ल्युसिनऐवजी आर्जिनिन येतं.

वाक्यात सांगायचं तर इथे अक्षर गळालं नाही, बदललं: कमळ गवत नगर नजर. बाकीचे शब्द शाबूत, एकाच ठिकाणी मगरीचं नगर झालं. पुष्कळदा असा बदल खपून जातो. इथे मात्र तो नेमका अशा जागी पडला की विकराचं कामच बंद झालं. माळ ३६५ मण्यांचीच, पण उपयोग शून्य.

आता नीट लक्ष द्या. अशा माणसाच्या डीएनएमध्ये बी जनुक ठणठणीत असू शकतं. त्याची नक्कल निघते, बी विकर तयार होतं, साखर लावायला सज्ज असतं. पण लावायची कशावर? एच नाही, म्हणून बी दिसत नाही. चाचणीत ए नाही, बी नाही, म्हणून कार्डावर येतं 'ओ'. डीएनएमध्ये बी, कार्डावर ओ. माहिती आहे, व्यक्त झालेली नाही.

याला लागूनच एक शेजारी जनुक आहे, एफयूटी-टू. तेही एचच बांधतं, पण लाळेत आणि शरीराच्या इतर स्रावांत. दोन्ही जनुकं सगळ्या पेशींच्या दप्तरात आहेत, पण लाल पेशी घडवणारी मज्जा एकाची नक्कल काढते, लाळग्रंथी दुसऱ्याची. दप्तर सगळीकडे तेच. कुठल्या कचेरीत कुठल्या पानाची नक्कल निघते यावर त्या पेशीचं काम ठरतं. डोळ्याची पेशी आणि यकृताची पेशी यांचा डीएनए एकच असूनही त्या वेगळ्या का, याचंही उत्तर हेच. भारतीय बॉम्बे प्रकारात एफयूटी-वनमध्ये अक्षर बदललेलं असतं आणि शेजारचं एफयूटी-टू सबंध गायबच असतं. दोन्ही जवळजवळ असल्यामुळे वारशात जोडीने येतात.

जिवावर कसं बेततं

आपलं शरीर जी साखर स्वतःकडे नाही तिच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार ठेवतं. ओ गटाच्या माणसाकडे ए आणि बीविरुद्ध असतात. बॉम्बे गटाच्या माणसाकडे ए, बी आणि शिवाय एचविरुद्धही असतात. आणि एच तर जवळपास सगळ्या जगाच्या लाल पेशींवर आहे! त्याला ओ रक्त चढवलं तर त्या पेशी फुटू लागतात, मूत्रपिंडं धोक्यात येतात, जीव जाऊ शकतो. त्याला फक्त बॉम्बे गटाचंच रक्त चालतं.

तपासणीत हे कळतं कसं? गट तपासण्याच्या दोन बाजू आहेत. एक, पेशींची बाजू: पेशींवर ए किंवा बी आहे का. घाईच्या स्लाइड तपासणीत बहुधा एवढंच होतं आणि इथे बॉम्बे आणि ओ सारखेच दिसतात. दुसरी, रक्तद्रवाची बाजू: त्या माणसाचा रक्तद्रव ओळखीच्या ए, बी आणि ओ पेशींशी मिसळून पाहायचा. खरा ओ असेल तर ओ पेशी शांत राहतील. बॉम्बे असेल तर ओ पेशींच्याही गुठळ्या होतील. मग एचविरुद्धचं द्रव्य वापरून खात्री करतात. आणि रक्त देण्याआधीची जुळवणी, क्रॉसमॅच, ही शेवटची भिंत. म्हणून रक्तपेढीत 'अजून जुळवणी चालू आहे' म्हणाले की चिडू नका. तो वेळ जीव वाचवण्यासाठीच आहे.

आपल्याकडे किती जण असतील?

भारतात बॉम्बे गटाचं प्रमाण साधारण १०,००० मागे १ असं सांगितलं जातं. युरोपात ते १० लाखांत १ इतकं विरळ मानतात. महाराष्ट्र आणि कर्नाटक हा त्याचा ठळक पट्टा. आता कागद-पेन्सिल घ्या. महाड आणि पोलादपूर तालुके मिळून २०११ च्या जनगणनेनुसार साधारण सव्वादोन लाख लोक. सरासरी प्रमाण इथेही लागू आहे असं धरलं, तर वीस-बावीस माणसं.

पण खरा आकडा पुढे आहे. हा गुण दिसायला आई आणि वडील दोघांकडूनही बदललेली प्रत यावी लागते. एकच प्रत असलेली माणसं वाहक. त्यांची दुसरी प्रत पुरेसं एच बांधते, गट नेहमीसारखा दिसतो. १०,००० मागे १ रुग्ण दिसत असेल तर गणिताने वाहक येतात सुमारे ५० मागे १. म्हणजे आपल्या दोन तालुक्यांत साडेचार हजारांच्या आसपास. आपल्या वाडीत, आपल्या बसमध्ये, कदाचित या माइकसमोरही.

दोन वाहकांचं लग्न झालं तर प्रत्येक मुलाच्या वेळी बॉम्बे गट होण्याची शक्यता चारात एक. अनोळखी कुळांत असा योग क्वचित येतो. नात्यात लग्न झालं, मामाची मुलगी केली, तर एकाच आजा-आजीकडून आलेली तीच प्रत दोन्ही बाजूंनी भेटू शकते. पिढ्यानपिढ्या छोट्या गोतावळ्यातच सोयरिकी होत राहिल्या तरीही तसंच. डॉ. आंबेडकरांनी १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात जातीतल्या जातीत लग्न हेच जातीचं मुख्य लक्षण सांगितलं होतं. जनुकं तपासणारी मंडळी आज भारतीय समाजाचा अभ्यास करतात तेव्हा त्या बंद दारांच्या खुणा त्यांना डीएनएमध्ये दिसतात.

तुमचे प्रश्न

पोलादपूरहून एका ताईंनी विचारलंय: "वडील ए, आई ओ आणि मूल एबी, असं होऊच शकत नाही ना?"

ताई, शाळेच्या तक्त्यानुसार नाही. आणि याच तक्त्यावर बोट ठेवून कित्येक घरांत बाईवर संशय घेतला जातो. म्हणून हे शांतपणे ऐका. आई बॉम्बे गटाची असेल, तिच्या डीएनएमध्ये बी असेल आणि तो दिसत नसेल, तर? मुलाला आईकडून बी मिळाला, वडिलांकडून ए मिळाला, आणि वडिलांकडूनच एच बांधणारी चांगली प्रत मिळाली. भिंत उभी राहिली, दोन्ही रंग लागले. मूल एबी. १९५५ मध्ये अमेरिकेत फिलिप लेव्हिन यांनी इटालियन वंशाच्या एका स्त्रीचं असंच उदाहरण प्रसिद्ध केलं. तिच्या रक्तात बी दिसत नव्हता, पण तिच्या मुलीत तो प्रकट झाला होता. जनुक हरवलेलं नव्हतं, झाकलेलं होतं. तेव्हा रक्तगटाच्या कार्डावरून कुणाच्या चारित्र्याचा निकाल लावू नका. शंका असेल तर आधी रक्तगट नीट तपासा.

महाडच्या एका काकांचा प्रश्न: "दुसऱ्याचं रक्त चढवलं की त्याचे गुण आपल्यात येतात का?"

नाही काका. आणि कारण मोठं सुरेख आहे. पक्व लाल पेशीत केंद्रकच नसतं, म्हणजे डीएनएच नसतो. मज्जेत असताना ती आपल्या दप्तरातून हव्या त्या नकला काढून घेते आणि केंद्रक बाहेर टाकून देते. रक्तात आल्यावर एखाद-दोन दिवस तिच्यात थोडा आरएनए उरलेला असतो. त्यावरून अशा कोवळ्या पेशी मोजतात, ती रेटिक्युलोसाइटची तपासणी. मग तोही संपतो. पुढचे सुमारे १२० दिवस ती फक्त ऑक्सिजन वाहते. पिशवीत थोड्या पांढऱ्या पेशी असतात, त्यांच्यात डीएनए असतो, पण त्यांचा तुमच्या स्वभावाशी काही संबंध नाही. ज्या गावात १९२७ साली तळ्याच्या पाण्यासाठी सत्याग्रह करावा लागला, त्या गावात हे स्पष्ट सांगायलाच हवं: रक्ताच्या पिशवीतून जात येत नाही. बॉम्बे गटाच्या माणसाला तर जो दाता जुळेल तोच सख्खा.

तिसरा प्रश्न कोविडबद्दल आहे: "आरटीपीसीआर म्हणजे यातलंच काही का?"

हो. कोरोना विषाणूचं मूळ दप्तरच आरएनएचं असतं. तपासणीत आधी त्या आरएनएवरून उलट डीएनए लिहून घेतात आणि मग त्याच्या असंख्य प्रती काढतात, म्हणजे ओळखता येईल. आणि संदेशवाहक आरएनएची लसही आपल्या शेजारी पुण्यात जिनोवा कंपनीने तयार केली. तिला जून २०२२ मध्ये आपत्कालीन वापराची परवानगी मिळाली. त्या लशीत नक्कलच असते. आपल्या पेशी ती वाचून विषाणूचं एक प्रथिन बनवतात, नक्कल मोडून जाते, मूळ दप्तराला हातही लागत नाही.

मग करायचं काय?

कार्डावर 'ओ' असेल तर घाबरू नका. ओ म्हणणारे बहुतेक सगळे खरेच ओ असतात. फक्त एकदा रक्तपेढीत, दोन्ही बाजूंची तपासणी होते तिथे, खात्री करून घ्या. रक्तदान केलंत तर ती आपोआपच होते. गरोदर बाई किंवा ठरलेलं ऑपरेशन असेल तर हे आधीच करा. पावसाळ्यात घाट बंद असताना रात्री दोनला नाही.

घरात कुणी बॉम्बे गटाचं निघालं तर भावंडांची तपासणी पहिली करा. सख्ख्या भावंडात जुळण्याची शक्यता चारात एक, बाहेर दहा हजारांत एक. कार्डावर मोठ्या अक्षरात लिहा, नुसतं 'ओ' नको. दुर्मीळ गटाच्या दात्यांच्या याद्या रक्तपेढ्या ठेवतात, त्यात नाव द्या. ठरलेल्या ऑपरेशनसाठी स्वतःचंच रक्त आधी काढून ठेवता येतं, डॉक्टरांना विचारा. लाल पेशी फ्रीजमध्ये पाच-सहा आठवडेच टिकतात, म्हणून साठ्यापेक्षा माणसांची यादी जास्त कामाची. आणि या गटामुळे एरवी प्रकृतीला काही होत नाही. ही माणसं अगदी ठणठणीत जगतात. अडचण येते ती फक्त रक्त लागतं तेव्हा.

पुढच्या भागात पूर ओसरल्यावर येणाऱ्या लेप्टोबद्दल बोलू, त्याचे प्रश्न आतापासून पाठवा. तोवर घरातली रक्तगटाची कार्डं एकदा काढून बघा. भेटू.